कुठल्या पानावर आहे ते लिहायचं

१५ जून, रविवार

ही वही पप्पांच्या कंपनीतली आहे. वर छापलंय 'शिफ्ट लॉगबुक'. आत रकाने आहेत: मशीन, काम, बिघाड, शेरा. प्रत्येक पानावर छापील नंबर. पप्पा म्हणाले, उद्यापासून तू शाळेत आणि मी सेकंड शिफ्टला, आपली गाठ पडायची नाही, तर रोज लिहीत जा. लॉगबुकात खोटं लिहायचं नाही. बिघडलं ते बिघडलं म्हणूनच लिहायचं, नाहीतर पुढच्या शिफ्टवाल्याचं बोट जातं.

मी विचारलं, तुम्ही वाचणार का? म्हणाले, "नाही. पुढची शिफ्टवाली तूच."

तर पुढच्या शिफ्टवाले, तुला माहीतच आहे पण लिहिते. मी मनाली, चौदा वर्षं. तिसरीत होते तेव्हा कोरोना आला, शाळा बंद पडली, आणि पप्पा घरी शिकवायला लागले. शाळा परत उघडली तर मी काय परत गेले नाही. पप्पा अंबडच्या कारखान्यात सेटर आहेत. सेटर म्हणजे मशीन लावून देणारा, सगळ्यात डोक्याचं काम. ऑपरेटर नुसतं बटण दाबतो. तर सकाळी आठ ते एक पप्पा माझे मास्तर, मग डबा घेऊन कंपनीत. अपूर्णांक मी व्हर्नियरच्या मापपट्टीवर शिकले. इंग्लिश मशीनच्या मॅन्युअलमधून, त्यामुळे मला इंग्लिशमध्ये फक्त हुकूम सोडता येतात. हात लावू नका, मेन स्विच बंद करा, असं.

आई द्वारका चौकात कापडाच्या दुकानात कामाला आहे. तिनेच हट्ट धरला. "अहो, दहावीच्या फॉर्मला काय तुमचं जॉबकार्ड चिकटवायचं का?"

मनपाच्या शाळेत मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तोंडी विचारून नववीत घेतलंय, पण कच्चं. दिवाळीआधीच्या सत्र परीक्षेत पास झाले तर नाव पक्कं. नाहीतर आठवीत खाली बसवणार. बाहेर आल्यावर आई पप्पांना म्हणाली, "पोरगी आठवीत गेली ना, तर माझे भाऊ तुम्हाला जन्मभर ऐकवतील." पप्पांनी गाडीला तीन किका मारल्या. चावी लावलीच नव्हती.

१६ जून, सोमवार

बिघाड भरपूर.

परिपाठ म्हणून असतो. सगळे रांगेत उभे राहून प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या. सगळ्यांना येतं. मी तोंड हलवत होते. प्रतिज्ञेला हात पुढे करतात, ते माझ्या एक मिनिट उशिरा लक्षात आलं, मग मी प्रतिज्ञा संपल्यावर एकटीच हात पुढे करून उभी.

हजेरीला माझं नाव घेतलं. मी म्हटलं, "बोला."

वर्ग फुटला. घरी पप्पांनी हाक मारली की मी बोलाच म्हणते. वर्गशिक्षिका बोरस्ते मॅडम आहेत, विज्ञान शिकवतात, बारीक, चष्मा नाकावर. त्यांनी हजेरीतून डोकं न काढता म्हटलं, "बोलायचं काही नाही. हजर आहेस तेवढं कळलं तरी पुरे."

तहान लागली म्हणून मी उठून पाणी प्यायला गेले तर त्याच्यावर पण बोलणी. घरी तहान लागली की पाणी प्यायचं. इथे तहान लागली की बोट वर करायचं.

बाकावर शेजारी सरिता आहे. पेठ तालुक्यातली, वसतिगृहात राहते. वेणी इतकी घट्ट घालते की भुवया वर जातात. दिवसभरात तीन शब्द बोलली. "सरक", "हां", "नाय".

२५ जून, बुधवार

आज मॅडमचे खडू कूलंटमध्ये बुडवून ठेवले. कूलंट म्हणजे मशीनवर कापताना सोडतात ते दुधासारखं तेलकट पाणी. पप्पांच्या डब्याच्या पिशवीत एक बाटली असते. खडू बुडवून वाळवला की दिसायला तसाच, पण फळ्यावर उमटतच नाही, नुसता घसरतो.

मॅडमनी एक खडू घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग खडू ठेवून दिले आणि सगळा तास तोंडी शिकवला. गतीचे नियम. बाकाच्या कडेला पोरं बसवून, एकाला ढकलून, वही ओढून. लिहिलं काहीच नाही आणि मला सगळं समजलं, हा तर माझाच तोटा झाला. घंटा झाल्यावर माझ्या बाकाशी आल्या, तिन्ही खडू ठेवले. "हे तुझे. घरी ने."

मी म्हटलं, मॅडम मी नाही.

"तुझ्या हाताला वास येतोय. माझे वडील पण कंपनीत होते."

ओरडल्या नाहीत. हे मला जरा लागलं. ओरडतात त्यांना पुन्हा फसवता येतं. न ओरडणाऱ्याचं काय करायचं ते माहीत नाही.

३ जुलै, गुरुवार

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा लटकवलाय आणि केरूमामा शिपाई लोखंडी गजाने हाणतात. मामा चारला चहा आणायला जातात, गज खिडकीत. मी आठ दिवस बघून ठेवलं होतं. आज चार वाजता शेवटची घंटा दिली. पाच मिनिटांत सगळी शाळा गेटवर. निकम सर, म्हणजे पीटीचे सर, एकटे हात पसरून चारशे पोरांना अडवत होते. मी इतकी हसले की पकडले गेले.

मोठ्या मॅडमनी नाव लिहून घेतलं. म्हणाल्या, आता एक जरी तक्रार आली तर सत्र परीक्षेची पण वाट बघणार नाही.

बोरस्ते मॅडमनी बाहेर विचारलं, "किती ठोके दिलेस?"

"सहा."

"शेवटच्या घंटेला आठ असतात. काम अर्धवट कशाला केलंस?"

हसावं की रडावं कळेना. मग म्हणाल्या, "आत जाऊन बघ."

आत केरूमामा मोठ्या मॅडमसमोर हात जोडून उभे होते. त्यांना विचारत होत्या, ड्युटीवर असताना गज खिडकीत कसा राहिला. मामांनी माझं नाव काढलं नाही. चहा आणायला पण मोठ्या मॅडमच पाठवतात, ते पण सांगितलं नाही.

हे बिघाडाच्या रकान्यात लिहिते. पूर्ण माझा.

४ जुलै

सकाळी लवकर जाऊन केरूमामांच्या स्टुलावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. मामा म्हणाले, "यात काय घातलंय?" म्हटलं, काही नाही मामा, शप्पथ. अर्धा मला खायला लावला, मगच उरलेला खाल्ला.

१२ जुलै, शनिवार

पप्पांनी शिफ्ट बदलून घेतली. आता सकाळी सातला जातात आणि चारला घरी. म्हणाले, सेकंड शिफ्टला डास फार. आई भाजी निवडताना म्हणाली, "नऊ वर्षं नव्हते वाटतं डास." आणि उठून आत गेली.

फर्स्ट शिफ्टला आधीच एक सेटर आहे, म्हणून पप्पा सध्या ऑपरेटर. म्हणतात आराम आहे, बटण दाबायला डोकं लागत नाही. बरंय त्यांचं. मी शाळेत मरते आणि हे आराम करतात.

किचनमधल्या पांढऱ्या बोर्डावर अजून जूनमधले अपूर्णांक आहेत. आईला दुधाचा हिशोब लिहायचाय, पप्पा म्हणतात राहू दे.

२२ जुलै, मंगळवार

आज पहिली घटक चाचणी. विज्ञान. लॉगबुकात खोटं लिहायचं नाही म्हणून झालं तसं लिहिते.

निकम सर सुपरव्हिजनला. म्हणाले, दप्तरं बाहेर व्हरांड्यात. सगळ्यांनी ठेवली. मी पण ठेवलं आणि पुस्तक तेवढं आत घेऊन आले. बाकीचे विसरलेत असं वाटलं. सरिताला म्हटलं पण, "तुझं आणू का?" ती माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघायला लागली.

पेपर सोपा होता. पप्पांकडे परीक्षा असायची तेव्हा पुस्तक उघडं आणि वेळ आईच्या कुकरवर. तीन शिट्ट्यांत पाच प्रश्न. पप्पा म्हणतात, मॅन्युअल कोणी पाठ करत नाही, कुठल्या पानावर काय आहे ते माहीत पाहिजे. आणि उत्तराच्या बाजूला पान नंबर लिहायचा, म्हणजे चुकलं तर कुठे चुकलं ते सापडतं. नंबर नाही लिहिला तर उत्तर बरोबर असलं तरी शून्य. तर मी आरामात पानं उलटत, नंबर टाकत लिहीत होते. चार प्रश्न झाले तेव्हा निकम सर डोक्यावर.

"हे काय आहे?"

"विज्ञान."

पोरं हसली. मला खरंच वाटलं विषय विचारतायत.

"विज्ञान आहे ते मला पण दिसतंय. उठ."

पेपरवर लाल रेघ मारली, कोपऱ्यात 'कॉपी' लिहिलं, आणि मला मोठ्या मॅडमकडे नेलं. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तिसरीपर्यंत परीक्षेत चित्रं रंगवायची असायची, त्यानंतर घरीच.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "चौदा वर्षांची घोडी, परीक्षेत पुस्तक बंद असतं ते माहीत नाही? घंटा किती वाजता होते ते बरं माहीत होतं."

पहिल्यांदा मी खरं बोलत होते आणि माझं मलाच खोटं वाटायला लागलं.

शनिवारी वडिलांना घेऊन यायचं. सोमवारपासून आठवी.

बाहेर सरिता म्हणाली, "सगळ्यांना माहीतच असतंय ते." सगळ्यांना माहीत असतं तेच तर कोणी सांगत नाही ना.

२३ जुलै, बुधवार

काल संध्याकाळी पप्पांना सांगितलं. ते चहा करत होते. गॅस बंद केला, परत चालू केला, परत बंद केला.

"मी तुला सांगितलंच नाही," म्हणाले. "पाच वर्षांत सांगितलंच नाही की पुस्तक बंद असतं."

मी म्हटलं, तुमची पद्धत बरोबर आहे, शाळेचीच चूक. तर म्हणाले, "गप्प बस जरा." चहा न पिताच बाल्कनीत गेले. आईने तिच्या भावांचं नाव सुद्धा काढलं नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

आज मधल्या सुट्टीत सरिताने डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. मग विचारलं, "घरी खरंच पुस्तक उघडं?"

"हो. फक्त पान नंबर लिहायचा."

"कसला नंबर?"

"उत्तराच्या बाजूला. कुठून घेतलं तो. कालच्या पेपरात पण टाकलेत, सवयच आहे."

तिचं चावणं थांबलं. "पेपरात टाकलेस? त्याच पेपरात?"

"हो. का?"

भाकरी तशीच टाकून उठली. बाथरूमला गेली असेल. घंटा झाल्यावर आली, हात ओले नव्हते, कान लाल. उरलेली भाकरी तासात खाली वाकून खाल्ली. सरिता आणि तासात खाणं. वर्गात राहून बिघडली माझ्यासोबत.

२५ जुलै, शुक्रवार

बोरस्ते मॅडम म्हणाल्या, "घरी पप्पांकडे शिकायचीस त्या वह्या आहेत का? उद्या घेऊन ये. सगळ्या."

म्हणजे आता पाच वर्षांचा पुरावा गोळा करणार. मला वाटलं होतं या वेगळ्या आहेत. आईला म्हटलं, फेकून दिल्या सांगू का? पप्पांनी माळ्यावर चढून सात वह्या काढल्या, फडक्याने पुसल्या आणि सुतळीने बांधल्या. गाठ अशी मारली जशी पार्सल अमेरिकेला जातंय.

२६ जुलै, शनिवार

सावकाश लिहिते.

पप्पा अर्धी सुट्टी टाकून कंपनीच्या निळ्या ड्रेसवरच आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मोठ्या मॅडमनी माफीनामा पुढे केला. मी म्हणणार होते, सही करू नका, पण ते आधीच बोलले. "मॅडम, चूक माझी आहे. मशीन चुकीचं लावलं तर ऑपरेटरला दोष देत नाहीत. मी तिला मशीनच चुकीचं लावून दिलं." आणि सही केली.

मला इतका राग आला. ज्या हाताने केसाच्या दहाव्या भागाचं माप लावतात, त्याच हाताने माफीनाम्यावर सही. एका बाईला एवढं घाबरायचं?

तेवढ्यात बोरस्ते मॅडम आल्या. टेबलावर माझा लाल रेघेचा पेपर ठेवला, बाजूला वह्यांचा गठ्ठा. म्हटलं संपलं.

"मोठ्या मॅडम, ही कॉपी जरा बघून घ्या."

"बघितली आहे."

"समासात बघितलं का? प्रत्येक उत्तराशेजारी पान नंबर आहे. पान बारा. पान चौदा. कॉपी करणारी पोरं पुस्तक लपवतात. चोरी करून कोणी पत्ता ठेवून जातं का?"

निकम सरांनी पेपर ओढून घेतला. मॅडमनी सुतळी सोडायला घेतली, गाठ सुटेना, शेवटी पप्पांनीच सोडून दिली. चौथीची वही काढली. त्यात माझं कोंबडीच्या पायासारखं अक्षर आणि प्रत्येक उत्तराशेजारी पान नंबर. पाचवीची, तेच. सहावीची, तेच. मोठ्या मॅडम एकेक पान उलटत राहिल्या.

निकम सर खाकरले. "मग हे त्या दिवशीच सांगायचं ना."

"सर, तुम्ही विचारलं नाही."

पप्पांनी मागून चिमटा काढला.

मोठ्या मॅडमनी विचारलं, "बोरस्ते मॅडम, तुमच्या कधी लक्षात आलं?"

"माझ्या नाही आलं. पेपर तुमच्या कपाटात होता. बुधवारी वर्गातली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. हजेरीशिवाय तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दोन वाक्यं बोलली आणि पळाली. नाव सांगू नका म्हणाली."

निकाल असा: माफीनामा मोठ्या मॅडमनी पप्पांना परत दिला. चाचणीत शून्य ते शून्यच. सत्र परीक्षेपर्यंत नववीत बसायचं. पुस्तक बंद. तेव्हा नापास झाले तर आठवी, मग कोणी मध्ये पडायचं नाही. बोरस्ते मॅडम म्हणाल्या, "मान्य." मला विचारलंच नाही.

घरी आल्यावर डोकं खाजवत बसले, कोण मुलगी असेल. पुढच्या बाकावरची वेदिका? तिला मी आवडत नाही. मग ही वही मागे उलटली. पान ९. भाकरी अर्धी टाकून कोण उठलं होतं?

२८ जुलै, सोमवार

सरिताला म्हटलं, तूच ना.

"नाय."

म्हटलं, थँक्यू.

"सरक."

स्टाफरूमच्या दारात मी रोज उभी असते, ओरडा खायला. मला काही वाटत नाही. ती तिथे स्वतःहून गेली. मला निकम सरांची पण भीती वाटत नाही, पण हे मला जमलं नसतं.

२० ऑगस्ट, बुधवार

पाठ होत नाही. सरिता चालता चालता पाठ करते, वसतिगृहापासून शाळेपर्यंत एक धडा. मी चालता चालता दुकानं बघते.

पप्पांना म्हटलं, मला आठवीतच टाका. पप्पांनी पुस्तक घेतलं, मिटलं, आणि डोळे पण मिटले. "पान चोवीस. कसं दिसतं ते सांग. उत्तर नको. वर काय आहे?"

"वर तक्ता."

"खाली?"

"डावीकडे चित्र. त्याच्या खाली व्याख्या, ठळक."

"काय लिहिलंय ठळक?"

मी सांगितलं. मला वाटलं मी अंदाजाने सांगतेय, पण आलं. पप्पा म्हणाले, ड्रॉइंग असंच लक्षात राहतं. आता रोज सहा ते आठ हेच. डास नाहीत म्हणून बरं, पप्पांना वेळ असतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

विज्ञानाचा पेपर. निकम सरच होते. वर्गभर फिरून माझ्या बाकाखाली वाकून बघितलं. मी पाय वर उचलून दाखवले, चपला पण दाखवल्या. सर हसले असावेत, मिशी हलली.

दोन प्रश्न राहून गेले. बाकी पानं दिसत होती. शेवटी पेपर देताना बघितलं तर समासात सगळीकडे पान नंबर टाकलेत. पुस्तक नसताना. हाताने आपोआप टाकले. खोडायला घेतले तर घंटा झाली. आठ ठोके, मोजले.

आता कॉपी म्हणाले तर संपलंच.

१५ ऑक्टोबर, बुधवार

निकाल. सगळ्या विषयांत पास. हिंदीत काठावर. मोठ्या मॅडमनी रजिस्टरमध्ये माझं नाव शाईने लिहिलं, आधी पेन्सिलने होतं. मला माहीतच नव्हतं चार महिने मी पेन्सिलने होते.

विज्ञानात चाळीसपैकी बावीस. सरिताला सदतीस. म्हटलं, एवढे? म्हणाली, "तीन गेले." तीन दिवस रडणार बहुतेक.

पेपर घरी आणून पप्पांना दिला. त्यांनी मार्क बघितलेच नाहीत, समास बघितला. प्रत्येक पान नंबरावर लाल पेनाने बारीक टिक होती. मार्काची नाही, उत्तराची टिक वेगळी, ही नंबराची. आणि पाचव्या प्रश्नाशेजारी मी ६२ लिहिलं होतं, त्यावर रेघ मारून मॅडमनी लिहिलं होतं: ६३.

पप्पांनी पुस्तक मागितलं. बासष्ट उघडलं, बोट फिरवलं. शेजारचं त्रेसष्ट बघितलं. मग चष्मा काढला.

"पन्नास पोरांचे पेपर असतील ना बाईंकडे?"

"त्रेपन्न."

"तरी तुझं एकेक पान उघडून बघितलंय." चष्मा परत लावला. "ही बाई सेटर आहे."

पप्पांनी मालकाला सुद्धा कधी असं म्हटलेलं नाही.

मग उठले, किचनमध्ये गेले आणि फडक्याने बोर्ड पुसला. जूनपासूनचे सगळे अपूर्णांक गेले. मी विचारलं, का पुसला? म्हणाले, धूळ बसली होती. आई लगेच दूध लिहायला आली.

पान ६३ मी पण जाऊन बघितलं. त्रेसष्टच आहे.

बिघाड: नाही.